हवा स्वच्छ असली तर

भोरमध्ये कुणाकडे पाहुणा उतरला की उद्या त्याला कुठं न्यायचं, हा प्रश्न घरच्यांना पडत नाही, नानांना पडतो. पाहुणा कुणाचा, नानांची त्याची ओळख आहे का, मुळात त्याला कुठं जायचंय का, या गोष्टी मागाहून बघता येतात. सकाळी दूध आणायला निघालेले नाना तुमच्या दारातल्या अनोळखी चपला बघून थांबतात आणि पायरीवरूनच विचारतात, "किती सीट आहेत?"

सीट म्हणजे माणसं. नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी भोर-महाड रस्त्यावर, वरंधा घाटात काढली. त्यामुळे गाडी लागणारी आणि गाडी न लागणारी, अशा दोनच जातींत त्यांनी मनुष्यप्राणी विभागला आहे. शेजारच्या घरात नवा जावई पहिल्यांदा आला तेव्हा सगळी आळी त्याचा पगार, उंची आणि बोलणं-चालणं यावर मत देत होती. नानांनी त्याच्याकडे एकदाच निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण खिडकीला बसवायला लागंल." दुसऱ्या दिवशी नीरा-देवघर धरणाच्या काठची वळणं संपायच्या आत जावयानं नानांचा शब्द खरा केला.

अशी माणसं गावोगाव असतात. कोल्हापूरचे नाना पाहुण्याला पन्हाळ्यावर नेतात, साताऱ्याचे सज्जनगडावर. यांना फिरायची भारी हौस, असं आपण म्हणतो. पण ते खरं नाही. यांना हौस असते ती न्यायची. एकट्यानं जाऊन या म्हटलं तर नाना चौकातल्या पानाच्या टपरीपुढं पाऊल टाकायचे नाहीत. बरोबर चार माणसं दिलीत, त्यातली दोन तक्रारखोर आणि एक गाडी लागणारं असलं, की नानांच्या अंगात बळ येतं.

आणि नेणार कुठं, तर रायगडावर. राजवाडा, नीरेचा घाट, भाटघरचं धरण ही त्यांच्या हिशेबी चहा पिऊन पाय मोकळे करायची ठिकाणं. त्याला 'दाखवणं' म्हणत नाहीत. वास्तविक गडांची आमच्याकडे ददात नाही. भोरच्या उशालाच रोहिडा आहे. शेजारी वेल्ह्यात तोरणा आणि राजगड आहेत. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं असं सरकारनं २०२४ साली ठरवलं. नाना नाव घेताना अजून आधी वेल्हे म्हणतात, मग जीभ चावून राजगड म्हणतात, आणि मग राजगड किल्ला वेगळा हे समजावण्यात पाच मिनिटं घालवतात.) तोरणा तर १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, रायगड त्याच्यापुढं साधारण ८२० मीटरच. पण नाना उंची बघत नाहीत, पाहुण्याचे गुडघे बघतात. गप्पांच्या ओघात सहज विचारल्यासारखं विचारतात, "तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का?" लिफ्ट आहे म्हटलं की तोरणा कटाप. लिफ्ट असून ती बंद पडल्याची तक्रार पाहुण्यानं केली की राजगडही कटाप. मग उरतो रायगड, कारण तिथं रोपवे आहे.

ठरलं की रात्री नऊला नानांचा निरोप येतो: साडेपाच. साडेपाच म्हणजे साडेपाच. पाच वीसला ते स्वतः भाड्याच्या जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे असतात. खांद्याला पिशवी. तिच्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चार कांदे, बत्ती, ओव्याची पुडी, लिंबं, जुनी वर्तमानपत्रं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची जुडी असते; शेवटचे चार जिन्नस खास सीटांसाठी. नोकरी सुटली तेव्हा तिकिटाचा पंच आगारात जमा करावा लागला, पण हाताची सवय जमा करता आली नाही. त्यामुळे नखं कापायचं नेलकटर ते मुठीत धरतात आणि कुणी पाणी प्यायला, कुणी फोटो काढायला रेंगाळलं की जीपच्या पत्र्यावर टक टक वाजवतात. माणूस धावत येतो. का धावत येतो ते त्यालाही सांगता येत नाही.

दशम्या करतात त्या नानी. नानी अजून रोपवेत बसलेल्या नाहीत. दर वेळी जीपमध्ये जागा नसते, कारण नानांनी आयत्या वेळी आणखी कुणाचा तरी मेहुणा घेतलेला असतो. एकदा मी नानींना म्हटलं, तुम्ही चला की या खेपेला. त्या पोळपाट धूत म्हणाल्या, "मी चार दिवस तुमच्याकडे राहायला येते. पाहुणी दिसले की नेतील."

घाटात नानांचे नियम कडक आहेत. वाघजाईला जाताना फक्त चहा, भजी येताना. याचं कारण वैद्यकीय आहे आणि ते नाना जेवणाच्या वेळी सविस्तर सांगतात. वाघजाईच्या देवळापाशी माकडं, गाड्या आणि भज्यांचा वास यांच्यातून वाट काढत ते सगळ्यांना कठड्याशी नेतात, खाली शिवथरघळ कुठं ते दाखवतात, डोक्यावरचा कावळ्या किल्ला दाखवतात. मग एकदम थांबून, डोळे बारीक करून, हात पश्चिमेला लांब करतात.

"हवा स्वच्छ असली तर इथनं समुद्र दिसतो."

हवा कधीच स्वच्छ नसते. हिवाळ्यात धुकं असतं, उन्हाळ्यात धुरकट असतं, आणि पावसाळ्यात दरडींच्या भीतीनं घाटच बंद ठेवलेला असतो. पाहुणे नानांच्या बोटाच्या रोखानं बघतात, डोंगर बघतात, मग आणखी डोंगर बघतात आणि भिडेखातर "हं हं" करतात. एखादी मामी तर "दिसला, दिसला!" म्हणते. तिला परतीला पुढची सीट मिळते.

पाचाडला मात्र नानांचा आवाज खाली येतो. आऊसाहेबांना गडावरचा गारवा सोसत नव्हता म्हणून महाराजांनी त्यांना इथं वाडा बांधून दिला, आणि लेकाचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला बघून १७ जूनला त्या इथंच गेल्या, हे ते चार वाक्यांत सांगतात. नेलकटर खिशात असतं. समाधीपाशी ते कुणाला घाई करत नाहीत. जीपकडे परत येताना तेवढं हळूच म्हणतात, "अकरा दिवस." आणि मग जरा वेळानं, "चला, बसून घ्या."

रोपवेचं आणि नानांचं नातं जरा अवघड आहे. १९९६ साली तो सुरू झाला. त्याच्या आधी नाना पाहुण्यांना पायऱ्यांनीच नेत. चौदाशेच्या वर पायऱ्या. नानांचं रायगडावरचं जे भाषण आहे ते या पायऱ्यांवर बेतलेलं होतं. कुठली गोष्ट कुठल्या वळणावर, हे ठरलेलं. चित दरवाजापाशी प्रस्तावना: रायरी, चंद्रराव मोरे, १६५६. खुबलढा बुरुजापाशी तोफांचा विषय. पाहुण्यांना दम लागून ते बसले की मोठी गोष्ट, कारण बसलेला माणूस पळून जात नाही. महादरवाज्याशी त्या दोन बुरुजांमध्ये सगळ्यांना उभं करून, शत्रू कुठून आला असता आणि कसा मेला असता, हे अभिनयासह. नाना दरवाजा खरं तर जरा आडवाटेला आहे, पण तिकडं वाट वाकडी करून नेल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. एखाद्या बाळबोध पाहुण्यानं "तुमच्यावरून नाव पडलं का हो?" असं विचारलं तर नाना त्याला लगेच दुरुस्त करत नसत. आधी सावलीत बसवून पाणी देत, मग दुरुस्त करत.

दोन-अडीच तासांचं ते भाषण. आणि रोपवे माणसाला चार-पाच मिनिटांत वर नेऊन ठेवतो. साधारण पाऊण किलोमीटरचा दोर, सव्वाचारशे मीटरची चढण, संपलं. चंद्रराव मोरे अजून जिवंत असतानाच दार उघडतं.

पहिल्या खेपेला नाना हादरले होते म्हणतात. भाषण छाटणं त्यांना शक्य नव्हतं. मग त्यांनी ते पुढं ढकलण्याऐवजी मागं ढकललं. आता ते हिरकणीवाडीत, तिकिटाच्या रांगेतच सुरू होतं. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असली की बाकी सगळी दुनिया कपाळाला आठ्या घालते आणि नाना खुलतात. "छान आहे रांग," म्हणतात. "महादरवाज्यापर्यंत येऊ आपण." हळूहळू पुढची-मागची माणसं कान देऊ लागतात. लातूरकडची एक मंडळी एकदा आपला नंबर सोडून मागं आमच्यात येऊन उभी राहिली होती. त्यांच्यातल्या एकानं शेवटी विचारलं, "गाइडचे किती देऊ, काका?" नानांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला. अपमान आणि आनंद दोन्ही एकाच वेळी त्या चेहऱ्यावर चढू बघत होते आणि कुणालाच जागा मिळत नव्हती. "पैसे कसले? मी फक्त आणलंय ह्यांना," असं म्हणून त्यांनी आमच्याकडे बोट केलं, आणि आम्ही आणल्यासारखे उभे राहिलो.

हिरकणीची गोष्ट अगदी रांगेच्या टोकाला, ट्रॉलीचं दार दिसायला लागल्यावर. दूध घालायला वर गेलेली गवळण, सांजेला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि कड्यावरून उतरून गेलेली आई. गोष्ट महाराष्ट्रातल्या पोराबाळांना पाठ आहे, पण नाना ती तिच्याच वाडीत उभं राहून, समोरच्या कड्याकडे बोट करून सांगतात. तेव्हा माणसं मान वर करून तो कडा बघतात आणि गप्प होतात. मग नाना तिकिटं मोजतात. "ती उतरली तवा दोर नव्हता," एवढंच वर.

रोपवेची एक गोष्ट नानांना पहिल्यापासून खटकते. या गाडीला ड्रायव्हर नाही. एक वेळ ते चालेल. पण कंडक्टर नाही! माणसं आत बसतात, बाहेरचा पोऱ्या दार लावतो, आणि गाडी सुटते. घंटी कोण देतं? पुढं सरका कोण म्हणतं? उतरणाऱ्याला आधी उतरू द्या, हे कोण सांगतं? मशीनच्या खोलीत माणूस बसलेला असतो, दोन्ही टोकांची माणसं एकमेकांना कळवतात, मगच ट्रॉली हलते, हे मी त्यांना समजावलं. नाना म्हणाले, "म्हणजे आहे कंडक्टर. पण लपवून ठेवलाय."

तेव्हापासून त्यांनी ते काम आपल्याकडे घेतलं आहे. दार लागलं की नाना आतल्या सगळ्या माणसांवर नजर फिरवतात, हात-पाय-ओढण्या आत आहेत ना बघतात, आणि नेलकटरनं कडीवर दोन टोले देतात. टक टक. डबल. आणि नेमकी त्याच क्षणी ट्रॉली हलते! मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सेकंदाचा फरक पडत नाही. नवखे पाहुणे खरंच समजतात की गाडी यांनीच सोडली. नाना तोंडावर तसं काही दाखवत नाहीत, फक्त नेलकटर मिटवून खिशात घालतात.

पाय सुटतात तेव्हा खालची झाडं एकदम झुडपं होतात, कौलं लहान होतात, कडा अंगावर येतो. कुणी डोळे मिटतं, कुणी मोबाईल काढतं, कुणी मारुतिस्तोत्र पुटपुटतं. नाना यातलं काही करत नाहीत. ते माणसांच्या तोंडांकडे बघत बसतात. बाहेरची दरी त्यांनी किती वेळा पाहिली असेल कोण जाणे, मला शंका आहे की फारशी पाहिलीच नसावी. एखाद्याचा आ वासला की यांच्या चेहऱ्यावर चहा प्याल्याची तृप्ती येते. अर्ध्या वाटेवर खाली येणारी ट्रॉली समोरून जाते. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, आणि एकीच्या वजनाचा दुसरीला आधार होतो, अशी ही रचना. नानांना ती फार आवडते. "आपल्याला वर ओढायला ती माणसं खाली चाललीत बघा," म्हणतात. घाटात समोरून दुसऱ्या आगाराची गाडी आली की एसटीवाले हात वर करतात ना, तसा नाना त्या ट्रॉलीला हात करतात. पलीकडची माणसं बावरतात, मग तीही हात करतात.

वर मेणा दरवाजाकडून गडात शिरल्यावर मात्र नानांना आवरणं कुणाच्या हातात नाही. राणीवसा, गंगासागर, होळीचा माळ, बाजारपेठ. राजसभेत त्यांचा एक विधी आहे. दोनशेहून अधिक फूट लांब ती सभा. नाना स्वतः सिंहासनाच्या बाजूला थांबतात आणि पाहुण्यांना पार नगारखान्याच्या दारात धाडतात. मग खिशातून एसटीचं जुनं कागदी तिकीट काढतात, हात उंच धरतात आणि ते टर्रकन फाडतात. "आलं का ऐकू?" पाहुणे तिकडून हात हलवतात. इतर लोक साधा कागद फाडतात, कुजबुजतात. नानांचं म्हणणं, तिकिटाचाच आवाज स्पष्ट येतो, कारण कागद चांगला होता. आता मशीनमधून निघतात त्या पट्ट्यांना आवाज नाही. जुन्या तिकिटांचा त्यांचा साठा संपत आलाय, त्यामुळे हल्ली एक तिकीट दोनदा फाडतात.

एवढं सगळं असून नाना रोपवेच्या विरोधातले. २०२१ साली राजगडावर रोपवे होणार अशी बातमी आली तेव्हा आमच्याकडे बरंच मोहोळ उठलं. डोंगर चढणाऱ्या पोरांनी विरोध केला: तट खिळखिळे होतील, गर्दी होईल, कचरा होईल. वेल्ह्यातल्या काहींना वाटत होतं की चार पैसे गावात येतील, हॉटेलं चालतील, पोरं पुण्याला जायची थांबतील. दोन्हींत अर्थ होता आणि आहे. नाना दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी आपला मुद्दा मांडायचे. "ते सगळं खरं. पण सांगायचं कधी?" लोकांना कळायचं नाही. मग नाना समजावायचे: पंचवीसेक वर्षं त्या गडावरून राज्य चाललं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. एवढं सगळं पाच मिनिटांत कसं सांगणार? माणसाला दम लागला पाहिजे, त्यानं बसलं पाहिजे, पाणी मागितलं पाहिजे. मग त्याच्या कानात जातं.

गेल्या मार्गशीर्षात मात्र एक अडचण झाली. माझी मावशी आमच्याकडे राहायला आली होती. ती वेल्ह्यातल्या पार टोकाची, मोहरीकडची. तिथं पठार संपतं आणि एकदम कोकण सुरू होतं; मध्ये लिंगाणा सुळक्यासारखा उभा आणि त्याच्या मागं रायगड. मावशीनं लहानपणी त्या पठारावर गुरं राखली. रोज समोर रायगड बघितला, पण पाठीमागून. तिचा बाप नाळेनं खाली कोकणात उतरायचा. बायकापोरींना कोण उतरवतंय. लग्न होऊन ती भोरच्या बाजूला आली आणि रायगड जो राहिला तो राहिलाच. आता सत्तरी उलटली, गुडघे गेले. नानांनी दारातल्या चपला पाहिल्या.

रांगेत मावशीनं भाषण मुळीच ऐकलं नाही. तिचं लक्ष तिकिटाच्या खिडकीकडं. नंबर आल्यावर तिनं कनवटीची पिशवी सोडून आधार कार्ड काढलं आणि आत सरकवलं. "बायकांना हाफ आसतं." एसटीत २०२३ पासून आहे, हे बरोबर, पण ही एसटी नव्हे, हे तिला पटेना. "गाडीच हाय न्हवं?" नाना मागं उभे होते. मला वाटलं तिला समजावतील. ते म्हणाले, "मावशींचा मुद्दा बिनतोड आहे."

ट्रॉलीत ती डोळे टक्क उघडे ठेवून बसली. नानांनी टक टक केलं, गाडी हलली, खालची झाडं लहान झाली. मावशीचा आ काही वासला नाही. नाना अस्वस्थ. हिरकणीचा कडा दाखवला. "आमच्याकडं हाइत की कडं," मावशी म्हणाली. राजसभेत तिकीट फाडलं. मावशी नगारखान्यातून ओरडली, "कशाला फाडता? परत जाताना काय दाखवायचं?" आणि तो आवाज मात्र सिंहासनापर्यंत अगदी खणखणीत पोहोचला.

दुपार कलायला लागली तसे आम्ही जगदीश्वराकडं गेलो. महाराजांच्या समाधीपाशी मावशीनं डोकं टेकलं, बराच वेळ. नाना जरा लांब, नेहमीच्या जागी उभं राहून पाहुण्यांना पश्चिम दाखवत होते. हवा स्वच्छ असली तर, वगैरे. मी वळून बघतो तर मावशी समाधीच्या पलीकडं, पूर्वेच्या कडेला जाऊन बसलेली. पाय पसरलेले, हाताचा आडोसा कपाळावर. त्या दिवशी पूर्वेकडची हवा खरोखर स्वच्छ होती. लिंगाणा समोर उभा. त्याच्या मागं सह्याद्रीची सगळी भिंत, तोरण्यापर्यंत.

"नाना, हिकडं या," ती म्हणाली.

नाना आले. कुणी दाखवतो म्हटलं की काय करायचं असतं, याचा त्यांना सराव नाही. ते आधी उगाच उभे राहिले, मग तिच्या शेजारी बसले.

"त्यो लिंगाणा. त्येच्या मागं सपाटी दिसती का? डाव्या अंगाला. थितं आमची गुरं आसायची. थितनं ह्यो गड एवढा दिसायचा," तिनं बोटांची चिमूट दाखवली. "आता हितनं आमचा लिंगाणा एवढा दिसतोय."

नाना बघत होते. त्यांनी मला विचारलं, "दुर्बीण नाही का रे कुणाकडं?" इतक्या वर्षांत नानांना कधी दुर्बीण लागली नव्हती.

जरा वेळानं मावशी म्हणाली, "एवढ्याशा वाटंला दोनशे वळणं घेऊन आणलंत मला. भोरावरनं महाड, महाडावरनं पाचाड. थितनं हितं पाळणा न्हाई का लावता येत?"

मला वाटलं आता राजगडाचा विषय निघणार. तट, दम, पाणी, सांगायचं कधी. नाना गप्प बसले होते. डोळे बारीक केलेले, पण या खेपेला हात पश्चिमेला नव्हता. बोटानं हवेत काहीतरी मोजत होते: पठाराची कड, लिंगाण्याचा माथा, मग आपण बसलो होतो ती जागा. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "लिंगाण्यावर एक स्टॉप घ्यावा लागेल."

परतीला वाघजाईपाशी थांबलो. भजी आली. नानांनी भज्यांखालचा वर्तमानपत्राचा कागद सरकवून घेतला, त्यातला तेलाचा डाग चुकवून पेनानं रेघ ओढली आणि टप्पे पाडले. मोहरी, लिंगाणा, रायगड. प्रत्येक टप्प्याला भाडं लिहिलं, खाली हाफ लिहिलं. पाहुणे मंडळी गार होत चाललेली भजी कागद नसलेल्या थाळीत उपसून खात होती. गर्दीच्या दिवशी लिंगाण्यावर उतारू घ्यायचे की नाही यावर नाना अडले होते. तिथं उतरून माणूस जाणार कुठं, असं मी म्हटलं. नाना म्हणाले, "मागणी असली तरच थांबवायची. रिक्वेस्ट स्टॉप."

मावशीनं मिरची बाजूला काढत विचारलं, "सुट्टे पैसे लागतील का?"

"लागणार की," नाना मान वर न करता म्हणाले. "ह्या गाडीला कंडक्टर असणार."